आधी गळा, मग पेटी: लहान मुलांना गाण्यातून वाद्याकडे नेताना

ठाण्याच्या नौपाड्यातील आमच्या सोसायटीच्या सभागृहात दर शनिवारी सकाळी सहा ते दहा वर्षांची बारा-चौदा मुले गाणे शिकायला येतात, आणि नव्या मुलाचे पालक बहुधा पहिल्याच दिवशी विचारतात, “ताई, पेटी केव्हापासून शिकवाल?” घरी वाढदिवसाला आलेला कीबोर्ड पडून असतो, त्यामुळे प्रश्न रास्तच असतो. माझे उत्तर ठरलेले आहे: मूल पाच स्वर कोणाच्या आधाराशिवाय सुरात म्हणू लागले, की त्याच आठवड्यापासून सुराचे वाद्य, आधी झायलोफोन (काठीने ठोकून वाजवायच्या पट्ट्यांचे वाद्य) आणि मग पेटी. वाद्यावर जे वाजवायचे ते मुलाने आधी गायलेले किंवा बोललेले असलेच पाहिजे, हा एकच नियम मी पाळते, आणि घरी स्वतःच्या मुलांना शिकवू पाहणाऱ्या पालकांनाही तो उपयोगी पडेल अशी माझी खात्री आहे.

हा नियम मला चुकीतून सापडला. वर्ग सुरू केला त्या वर्षी मी पेटीच्या पट्ट्यांवर आकडे लिहिलेल्या चिकटपट्ट्या लावल्या आणि मुलांना आकड्यांवरून चाली वाजवायला शिकवल्या. तीन महिन्यांत दोन चाली बसल्या, पालकही खूश झाले. एके दिवशी सर्वांत सफाईने वाजवणाऱ्या मुलीला मी म्हटले, “हीच चाल आता या दुसऱ्या पट्टीपासून वाजव.” ती गोंधळली. मग मी तिला ती चाल नुसती गुणगुणायला सांगितले, तर तेही तिला जमेना. तिच्या बोटांना जागा पाठ झाल्या होत्या, कानाला मात्र चाल ठाऊकच नव्हती. त्या दिवशी मी सगळ्या चिकटपट्ट्या काढून टाकल्या.

पहिले काम मुलाची पट्टी, म्हणजे त्याचा सा कोणत्या उंचीवर धरायचा ते, शोधण्याचे. मुलाला “सा म्हण” असे सांगितले तर ते बुजते आणि खर्जात पुटपुटते, म्हणून त्याऐवजी खाली खेळणाऱ्या मित्राला गॅलरीतून हाक मारायला सांगावे. त्या हाकेत मुलाचा मोकळा, नैसर्गिक सूर लागतो आणि तो पेटीवर लगेच सापडतो. तेथून एकेक स्वर खाली आणि वर नेत, आवाज कुठे विरतो आणि कुठे चिरकतो हे पाहून ठेवावे. बहुतेक लहान मुलांना मधल्या सप्तकातील पांढरी एकपासून (म्हणजे सप्तकातील पहिल्या पांढऱ्या पट्टीपासून; काळ्या पट्ट्याही अशाच मोजतात) तिच्या वरच्या पांढरी एकपर्यंतचा टप्पा आरामात पेलतो. म्हणून सुरुवातीची, पाच-सहा स्वरांत फिरणारी गाणी मी मधल्या पांढरी एक किंवा काळी एकवर घेते, आणि पुढे तार गंधारापर्यंत, म्हणजे वरच्या सप्तकातील गपर्यंत, जाणाऱ्या बंदिशी सुरू झाल्या की सा खाली आणून काळी पाच किंवा काळी चारवर ठेवते. शिकवणाऱ्याला सोयीची असलेली पट्टी मुलांवर लादली जाते तेव्हा मुले एकतर घसा ताणतात किंवा ओठ हलवत गप्प बसतात, आणि मग “याला गाता येत नाही” असा शिक्का त्यांच्यावर बसतो. हा शिक्का फार वर्षे पुसला जात नाही, म्हणून या पहिल्या कामात मी घाई करत नाही.

यानंतरचे काम सूर मिळवण्याचे, आणि सर्वांत अधिक वेळ येथेच द्यावा लागतो. सुरात न गाणारे मूल बहुधा बहिरे नसते. आपला आवाज आपल्या इच्छेने वर-खाली नेता येतो हेच त्याला अजून उमगलेले नसते. त्यासाठी आधी स्वर बाजूला ठेवून आवाजाशी खेळावे: रुग्णवाहिकेचा भोंगा, घसरगुंडीवरून खाली येणारा ‘ऊऽऽ’, सकाळी सोसायटीच्या दाराशी येणाऱ्या भाजीवाल्याची हाळी. असे आठ-पंधरा दिवस झाले की मुलाला त्याच्या मनाने कोणताही एक सूर लावू द्यावा आणि आपण त्याच्या सुरात आपला सूर मिसळावा. या क्षणी दोन आवाज एक झाल्याचे जे सुख असते ते मुलाच्या चेहऱ्यावर दिसते. त्याने ते एकदा अनुभवले की मग आपण हळूच एक स्वर वर सरकावे आणि त्याला मागे यायला सांगावे. मुलाने आपल्याला गाठायचे, हा नेहमीचा क्रम येथे उलटा करावा, म्हणजे आधी आपणच मुलाला गाठावे.

मुले पेटीपेक्षा माणसाच्या आवाजाशी लवकर सूर जुळवतात, हेही येथे ध्यानात ठेवावे. त्यातही पुरुषाचा आवाज एका सप्तकाने खाली असतो, त्यामुळे बाबा किंवा आजोबा शिकवत असतील तर मूल त्यांच्या आवाजाच्या पातळीवर उतरायला जाते आणि घोगरे गाते. अशा घरात आईने, आत्याने किंवा थोड्या मोठ्या बहिणीने सूर द्यावा, आणि तेही शक्य नसेल तर गाणाऱ्या पुरुषाने आधी पेटीवर मुलाच्या सप्तकातील स्वर धरून मग स्वतः गावे. आमच्या वर्गात नव्या मुलाशेजारी मी सुरात पक्के असलेले मूल बसवते, कारण समवयस्काचा आवाज कानाला सर्वांत जवळचा वाटतो. मुलाने बेसूर म्हटले की “चुकले” असे म्हणण्याऐवजी “थोडे वर ये” किंवा “थोडे खाली ये” एवढेच सांगावे, म्हणजे त्याला काय करायचे ते कळते.

सूर मिळू लागला की तानपुरा सुरू करावा. आज तो मोबाइलच्या अ‍ॅपवर सहज मिळतो आणि सरावाला पुरेसा असतो. मात्र मोबाइलच्या लहान स्पीकरमधून खर्जाची तार नीट ऐकू येत नाही, म्हणून तो एखाद्या साध्या स्पीकरला जोडावा आणि आवाज मुलाच्या गाण्यापेक्षा हळू ठेवावा. रोज दोन मिनिटे डोळे मिटून नुसता सा लावणे, आणि मध्येच तानपुरा बंद करून पाच सेकंदांनी पुन्हा सुरू केल्यावर आपला सा तेथेच आहे का ते पाहणे, हा खेळ मुलांना अतोनात आवडतो.

लयीची तयारी याच काळात समांतर चालू ठेवावी, आणि तीही आधी तोंडाने. मुलांना गोल चालायला लावून प्रत्येक पावलावर एक मात्रा मोजायची, मग एका पावलात दोन अक्षरे, मग चार अक्षरे बोलायची, असे केले की दुगुन आणि चौगुन हे शब्द शिकवण्यापूर्वीच त्या पायांत उतरतात. ठेक्यांपैकी सहा मात्रांचा दादरा प्रथम घ्यावा: धा धी ना, धा ती ना. पहिल्या मात्रेला टाळी आणि चौथीला हात उलटा करून खाली दाखवायची. त्यानंतर आठ मात्रांचा केरवा, म्हणजे धा गे ना ती, न क धी न. मध्य रेल्वेच्या लोकलमध्ये भजनी मंडळी टाळ आणि डब्याच्या पत्र्यावरचा ठेका एवढ्या दोन गोष्टींवर डोंबिवलीपासून मुंबईपर्यंत लय ढळू देत नाहीत. ज्या मुलांनी ते ऐकलेले असते त्यांना ठेका म्हणजे काय हे मला वेगळे समजवावे लागत नाही. सोळा मात्रांच्या त्रितालाची घाई करू नये. मुलाला दादऱ्यात बोलता बोलता अचूक समेवर, म्हणजे ठेक्याच्या पहिल्या मात्रेवर, थांबता येऊ लागले, की मग त्रितालाच्या पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेच्या टाळ्या व नवव्या मात्रेची खाली हा सगळा नकाशा त्याला सोपा जातो.

हातात पहिले वाद्य द्यायचे ते टाळ, खंजिरी, चिपळ्या किंवा घुंगरू यांपैकी असावे, कारण त्यांत सुराची जबाबदारी नसते आणि बोललेला ठेका हातात उतरतो की नाही एवढेच पाहायचे असते. येथेही नियम तोच: मूल ठेका बोलत असतानाच वाजवेल, आणि बोलणे थांबले तर वाजवणेही थांबेल. गणपतीच्या दिवसांत घरोघरी आरतीला मुले जोराजोराने झांजा बडवतात. त्या दहा दिवसांत घरातील एका मोठ्या माणसाने मुलाशेजारी उभे राहून फक्त समेवर झांज वाजवायला लावली, तर वर्षभराची लयीची शिकवणी तेथेच होऊन जाते.

सुराचे पहिले वाद्य म्हणून मी पेटीऐवजी काढता येणाऱ्या पट्ट्यांचा झायलोफोन निवडते, आणि त्यामागे एक गमतीचा योग आहे. जर्मन संगीतकार कार्ल ऑर्फ यांच्या शिक्षणपद्धतीत मुलांसाठी असे झायलोफोन वापरले जातात आणि सुरुवातीला त्यातील चौथी व सातवी पट्टी काढून ठेवतात, जेणेकरून उरलेल्या स्वरांत मुलाने काहीही वाजवले तरी कानाला खुपत नाही. आता सा रे ग म प ध नी या क्रमातून चौथा म आणि सातवा नी काढला, की जे उरते ते सा रे ग प ध, म्हणजे आपला भूप. जो राग आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या नवख्यांना आधी शिकवला जातो, त्याच्याच स्वरांपाशी तिकडची माणसे वेगळ्या वाटेने आली, हे मला पहिल्यांदा लक्षात आले तेव्हा फार आनंद झाला होता. ज्या झायलोफोनच्या पट्ट्या निघत नाहीत त्यांच्या म आणि नीवर जाड कापडी पट्टी चिकटवावी. खेळण्यांच्या दुकानातील स्वस्त वाद्य घेताना मात्र ते पेटीशी ताडून घ्यावे, कारण अशी बरीच वाद्ये बेसूर असतात आणि बेसूर वाद्यावर कान तयार करण्यापेक्षा वाद्य नसलेले बरे. तसेच धातूच्या पट्ट्यांचे वाद्य मुलाच्या गळ्यापेक्षा एक-दोन सप्तके वर बोलते, म्हणून मुलाला त्या उंचीवर गायला न लावता त्याच्याच सप्तकात गाऊ द्यावे.

झायलोफोनवरचा एक पाठ कसा घ्यावा ते सविस्तर सांगते. प्रथम मी तीन स्वरांचा तुकडा गाते, समजा सारेग; मुले तो परत गातात. मग मुले तोच तुकडा हवेत हाताने दाखवतात: सा पोटाशी, प छातीशी, वरचा सा डोक्याच्या वर. हंगेरीचे संगीतकार झोल्तान कोदाय यांच्या विचारांवर उभ्या राहिलेल्या पद्धतीत प्रत्येक स्वराला हाताची वेगळी खूण असते. लहान मुलांना मात्र हाताची उंचीच पुरते. त्यानंतर एक मूल गात गात तो तुकडा पट्ट्यांवर वाजवते, आणि शेवटी गाणे मनात ठेवून नुसता वाजवते. पुढच्या पाठात सारेग, रेगप, गपध, पधसां आणि उतरताना सांधप, धपग, पगरे, गरेसा हा अलंकार (स्वरांच्या ठरावीक तुकड्यांचा सराव) याच चार पायऱ्यांनी घ्यावा. हा अलंकार जमला की मुलांना “आता तुमचा तुकडा करा” असे सांगावे. एक मूल चार-पाच स्वरांचा प्रश्न वाजवते, दुसरे उत्तर वाजवते, आणि उत्तर सावर संपवायचे एवढीच अट असते. महिन्याभराने म ची पट्टी परत लावून ग ची काढली की दुर्गा रागाचे सा रे म प ध हे स्वर मिळतात. एका पट्टीच्या अदलाबदलीने सगळा रंग कसा पालटला हे मुले स्वतःच्या कानांनी ऐकतात, आणि राग म्हणजे काय याचे याहून चांगले स्पष्टीकरण मला आजवर सापडलेले नाही.

एवढे झाल्यावर पेटीला वेळ लागत नाही. लहान मुलाला एका हाताने भाता हलवणे आणि दुसऱ्या हाताने वाजवणे एकदम जमत नाही, म्हणून आरंभी मुलांच्या जोड्या कराव्यात. एकाने भाता हलवावा, दुसऱ्याने वाजवावे. भूपाचे स्वर पांढरी एकवरून वाजवताना सा, रे, ग यांना अंगठा, तर्जनी आणि मधले बोट, मग अंगठा खालून नेऊन प आणि तर्जनीने ध, असे बोटांचे वळण पहिल्या दिवसापासून लावावे, कारण एका बोटाने टोचत वाजवण्याची सवय नंतर मोडणे कठीण जाते. चाल बसली की ती काळी एकवरून वाजवायला सांगावी. ज्याने ती गळ्यात ठेवली आहे ते मूल चाचपडत का होईना, दोन-तीन दिवसांत नवी वाट शोधते. पेटीला एक मर्यादा आहे, तीही मुलांना योग्य वेळी सांगावी: तिचे स्वर बांधलेले असतात आणि मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणे, तिच्यातून निघत नाही. याच कारणाने आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर घातलेली बंदी १९७१ पर्यंत टिकली होती. मुलांच्या हातून पेटी काढून घ्यावी असे मी मुळीच म्हणत नाही. गाताना मात्र आठवड्यातून निदान दोन दिवस पेटी बंद ठेवून फक्त तानपुऱ्यावर गावे.

तबल्याकडे ओढा असलेल्या मुलाला बोल पाठ झाल्याशिवाय बसवू नये. आमच्या परंपरेत बोल हाताने टाळी देत म्हणण्याला पढंत म्हणतात, आणि मोठमोठे वादकही मैफलीत वाजवण्यापूर्वी ती करतात, हे मुलांना एखादे ध्वनिमुद्रण ऐकवून दाखवावे. आधी तबल्याच्या चाटीवरचा (कडेच्या पट्ट्यावरचा) ना, मग डग्ग्यावरचा गे, आणि दोन्ही स्वतंत्रपणे स्वच्छ निघू लागले की ते एकत्र वाजवून धा, असा क्रम ठेवावा. पहिल्या दोन महिन्यांत दादऱ्याचा ठेका संथ लयीत निघाला तरी ते पुष्कळ आहे. बासरी मला स्वतःला फार प्रिय असली तरी बोटांनी छिद्रे पूर्ण झाकली जायला हवीत, म्हणून आठ-नऊ वर्षांपूर्वी ती देऊ नये आणि दिली तर आखूड, चढ्या पट्टीची द्यावी. कीबोर्ड घरी असेलच तर त्यातील तयार ठेके आणि चाली बंद ठेवून तो पेटीसारखाच वापरावा.

घरच्या सरावाबद्दल पालकांना माझे सांगणे असे, की रविवारी एक तास बसवण्यापेक्षा रोज दहा मिनिटे द्यावीत: दोन मिनिटे सा, चार मिनिटे अलंकार, उरलेल्या वेळात मुलाच्या आवडीचे काहीही. ओरडून गाऊ देऊ नये, सर्दी किंवा घसा धरलेला असताना गाऊ देऊ नये, आणि आवाज दोन आठवड्यांहून अधिक काळ बसलेला राहिला तर डॉक्टरांना दाखवावे. मुलगे बारा-चौदा वर्षांचे झाल्यावर त्यांचा आवाज फुटतो. त्या दिवसांत गाणे बंद करण्याऐवजी पट्टी उतरवून थोडेसे गात राहावे आणि वाद्याचा वेळ वाढवावा.

ठाण्याच्या पावसाळ्याचे एक वेगळे प्रकरण आहे. जून ते सप्टेंबर हवेतील ओलाव्याने तबल्याचे चामडे सैल पडून सूर उतरतो आणि पेटीतील सूरपट्ट्यांना गंज चढू शकतो, त्यामुळे या महिन्यांत पेटी रोज थोडी तरी वाजवावी, झाकण लावून ठेवावी आणि आत ओलावा शोषणाऱ्या पुड्या ठेवून त्या वरचेवर बदलाव्यात. खाडीजवळच्या इमारतींत, विशेषतः कोपरी किंवा ऐरोली-वाशीच्या बाजूला, वाद्य उघड्या खिडकीपाशी ठेवू नये.

परीक्षांविषयी पालक फार उत्सुक असतात. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम आणि प्रवेशिका पूर्ण या परीक्षांमुळे अभ्यासाला शिस्त येते, आणि मंडळाची वास्तू वाशीतच असल्याने नवी मुंबईकरांना ती संस्था अपरिचित नाही. पं. विष्णु दिगंबर पलुसकर यांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केले तेव्हा घराण्याबाहेरच्या सामान्य मुलांना वर्गात बसवून गाणे शिकवता येते हे त्यांनी दाखवून दिले. आज सोसायटीच्या सभागृहात चालणारे आमच्यासारखे वर्ग त्याच वाटेने चालतात. माझे मत एवढेच, की वर्षभर गाऊन झाल्यावर, म्हणजे मूल तीन-चार रागांचे स्वर ऐकून वेगळे ओळखू लागल्यावरच प्रारंभिकेचा अर्ज भरावा. त्याआधी भरला तर वर्षाचा सगळा वेळ ठरावीक बंदिश घोटण्यात जातो आणि तीच चिकटपट्टीची चूक वेगळ्या रूपाने परत येते.

मुलांना ऐकायला नेणे हा शिकवण्याचाच भाग आहे. ठाण्यातील गडकरी रंगायतन, घाणेकर नाट्यगृह आणि वाशीचे विष्णुदास भावे नाट्यगृह येथे गाण्याचे कार्यक्रम होतात, आणि पं. राम मराठे यांच्या स्मरणार्थ ठाणे महापालिका भरवीत असलेल्या संगीत समारोहात मोठे कलाकार जवळून ऐकायला मिळतात. लहान मुलाला पूर्ण मैफल बसवून ठेवू नये. कडेची खुर्ची घ्यावी, अर्धा-पाऊण तास ऐकावे आणि मूल चुळबुळू लागण्यापूर्वी बाहेर पडावे. परतताना तलावपाळीवरून चालत यावे आणि बंदिशीच्या मुखड्यातील, म्हणजे सुरुवातीच्या ओळीतील, जे काही मुलाला आठवते ते गुणगुणायला सांगावे. दोनच स्वर आठवले तरी चालतील. दुसऱ्या दिवशी सकाळी ते दोन स्वर पेटीवर कोठे आहेत हे त्याला स्वतःलाच शोधू द्यावे.